एका फाइलीपासून सुरुवात : नववी-दहावीच्या गणिताच्या तासाला जिओजेब्रा कसे वापरावे

नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या, पण ज्यांचा शाळेतील संगणकाशी संबंध आजवर निकालपत्रके आणि ऑनलाइन माहिती भरण्यापुरताच आला, अशा शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन आहे. शाळेत प्रोजेक्टर किंवा मोठा स्पर्शपडदा आला की सहसा त्यावर चित्रफिती दाखवण्यापासून सुरुवात होते आणि पुष्कळदा गाडी तेथेच थांबते. चित्रफीत उपयोगी असते हे खरे. पण तिच्यातील त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून तो ओढता येत नाही. गणिताच्या तासाला तंत्रज्ञान कामी येते ते या ओढण्यात, आणि त्याहूनही अधिक ओढण्याच्या आधीच्या मिनिटभरात, कारण त्या मिनिटात विद्यार्थ्याला पुढे काय होईल याचा अंदाज वहीत लिहून मोकळे व्हावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या मिनिटासाठी जागा करून देण्याच्या आहेत.

साधन एकच निवडावे

पर्याय पुष्कळ आहेत. केवळ आलेखांसाठी डेस्मॉस फार सुटसुटीत आहे. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील छोटे संगणकीय प्रयोग विनामूल्य आहेत आणि त्यांतील बरेच मराठीतही उपलब्ध आहेत. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा या व्यासपीठावरील साहित्य उघडते. तरीही पहिल्या वर्षी एकाच साधनावर हात बसवावा, आणि ते जिओजेब्रा असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये या सॉफ्टवेअरचे काम सुरू केले. भूमितीची आकृती आणि तिचे बैजिक रूप एकाच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवणे, आणि एक हलवले की दुसरे आपोआप बदलणे, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती अशी गणिताची दोन वेगळी पुस्तके असल्यामुळे मुलांच्या मनात जी भिंत उभी राहते, तिला येथे सहज भगदाड पडते. बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांतही जिओजेब्राचा उल्लेख आलेला आहे. त्यामुळे ‘हे अभ्यासक्रमाबाहेरचे’ असे कोणी म्हटल्यास पान उघडून दाखवता येते.

व्यवहाराच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बिगरव्यावसायिक वापरासाठी हे सॉफ्टवेअर मोफत आहे (शुल्क घेऊन शिकवण्या चालवणाऱ्यांनी परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात), आणि एकदा संगणकावर बसवले की ते इंटरनेटशिवाय चालते. ज्या शाळांत नेटवर्क मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या एका खिडकीपाशीच मिळते, तेथे ही सोय मोठीच आहे. ते अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे, आणि प्रयोगशाळेतील संगणक जुने असतील तर ‘क्लासिक ५’ ही आवृत्ती आधी करून पाहावी. खाते उघडण्याची गरज नाही. विद्यार्थ्यांची नावे, ईमेल किंवा छायाचित्रे तर कोणत्याही संकेतस्थळावर भरू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, आणि आपले काम त्या माहितीवाचून अडत नाही.

वर्गात जाण्याआधी

ज्या खोलीत तास घ्यायचा तेथे एकदा रिकाम्या वेळी जाऊन, फाइल पडद्यावर लावून, शेवटच्या बाकावर बसून पाहावे. घरच्या लॅपटॉपवर ठसठशीत दिसणारी रेघ खिडक्यांतून ऊन येणाऱ्या वर्गात नाहीशी होते. अक्षरांचा आकार सेटिंग्जमधून वाढवावा, महत्त्वाच्या रेषांची जाडी वाढवावी, आणि जेथे निर्देशकांची गरज नाही तेथे अक्ष व पार्श्वभूमीची जाळी बंद करावी. लाल आणि हिरवा हे दोन रंग एकमेकांपासून वेगळे ओळखण्यासाठी वापरू नयेत, कारण काही मुलांना त्यांतील फरक कळत नाही. निळा आणि नारिंगी चालतात.

प्रोजेक्टर असेल तर पांढऱ्या कापडी पडद्याऐवजी पांढऱ्या लेखनफलकावर प्रतिमा पाडणे अधिक सोयीचे असते. आकृती यंत्राची आणि तिच्यावरची खूण मार्करने आपल्या किंवा विद्यार्थ्याच्या हातची, असा संगम त्यामुळे साधतो. स्पर्शपडद्यावर बोटाने बिंदू पकडणे सुरुवातीला चुकत राहते. म्हणून बिंदूंचा आकारही मोठा ठेवावा. वीज गेली तर तास बुडू नये यासाठी तीच आकृती वेगवेगळ्या दोन स्थितींत काढून कागदावर तयार ठेवावी.

पहिली फाइल : अंतर्लिखित कोन

दहावीच्या ‘वर्तुळ’ या प्रकरणातील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय पहिल्या प्रयोगासाठी निवडावे. आकृती सोपी आहे, निष्कर्ष अनपेक्षित आहे, आणि मुलांच्या चुका नेमक्या कोठे होतात हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. येथे बिंदूंना अ, ब, क आणि केंद्राला म म्हटले आहे. सॉफ्टवेअर स्वतः इंग्रजी अक्षरे देते, ती बदलून आपल्या पुस्तकातील आकृतीप्रमाणे करून घ्यावीत.

प्रथम केंद्र आणि एक बिंदू देऊन वर्तुळ काढण्याचे साधन घेऊन वर्तुळ काढावे. ज्या बिंदूतून हे वर्तुळ गेले तो बिंदू ओढला की वर्तुळच लहानमोठे होते. म्हणून कोनासाठी तो वापरू नये, लपवून टाकावा, आणि वर्तुळावर अ, ब, क असे तीन नवे बिंदू घ्यावेत. बिंदू घेताना वर्तुळाची रेघ किंचित उजळते, म्हणजे बिंदू वर्तुळाला जोडला गेला. खात्री करण्यासाठी ‘मूव्ह’ साधनाने प्रत्येक बिंदू ओढून पाहावा : तो वर्तुळावरून घसरत राहिला पाहिजे, बाहेर निघून जाता कामा नये. त्यानंतर मअ, मब, कअ आणि कब हे रेषाखंड जोडावेत, आणि ‘अँगल’ साधनाने आधी अ, म, ब व मग अ, क, ब या क्रमाने बिंदूंवर क्लिक करून दोन्ही कोन मोजून घ्यावेत.

नवखा माणूस बहुतेक वेळा येथे गोंधळतो. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते. त्यामुळे अ आणि ब यांचा क्रम उलटा झाला तर ८० अंशांच्या जागी २८० अंश दिसतात. अशा वेळी कोन पुसून उलट क्रमाने पुन्हा मोजावा. कोनाच्या गुणधर्मांत माप ० ते १८० अंशांत दाखवावे की ० ते ३६० अंशांत, हेही ठरवता येते. या निवडीकडे आपण पुन्हा वळू.

फाइल तयार झाली की ती वर्गात लगेच हलवू नये. आकृती स्थिर ठेवून, कोनांची मापे लपवून, विचारावे : ‘क हा बिंदू मोठ्या कंसावरून अ च्या जवळ नेला तर कोन अकब वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील?’ प्रत्येकाने वहीत एक शब्द आणि एका वाक्यात कारण लिहावे. हात वर करून उत्तर घेण्यापेक्षा लिहून घेणे बरे, कारण हात वर करताना मागची मुले पुढच्या हुशार मुलाकडे पाहतात. माझ्या पाहण्यात वर्गाचा मोठा भाग ‘वाढेल’ किंवा ‘कमी होईल’ याच बाजूला जातो; कोनाची एक भुजा आखूड होताना दिसते आणि भुजेची लांबी व कोनाचे माप यांची गल्लत सातवी-आठवीपासून चालत आलेली असते. अंदाज लिहून झाल्यावर मापे दाखवावीत आणि एखाद्या विद्यार्थ्याला क ओढायला बोलवावे. ४० अंशांचा आकडा जागचा हलत नाही, हे पाहून वर्गात जी कुजबुज होते ती होऊ द्यावी.

आता दोन अडचणी येतील, आणि त्या आल्या नाहीत तर मुद्दाम आणाव्यात.

पहिली राउंडिंगची. मापे पूर्णांकात दाखवली असतील तर एखाद्या स्थितीत केंद्राशी १०१ अंश आणि वर्तुळावर ५० अंश असे दिसेल. चौकस मुलगी लगेच विचारेल, ‘सर, पन्नासची दुप्पट एकशे एक कशी?’ प्रत्यक्षात मापे १००.५४ आणि ५०.२७ आहेत, आणि पडद्याने ती आपल्या परीने जवळच्या पूर्णांकात दाखवली आहेत. दशांशस्थळे वाढवून दाखवावीत, म्हणजे १००.५ च्या शेजारी ५०.३ अशी नवी विसंगती दिसेल. प्रश्न मिटत नाही, एक घर पुढे सरकतो. यंत्राने दाखवलेले माप कितीही बारीक असले तरी ते जवळपासचेच असते, आणि ‘नेमके निम्मे’ हे विधान करायचे तर मोजमापावर भागत नाही, सिद्धता लागते. सिद्धतेची गरज पटवून देण्यासाठी इतका चांगला प्रसंग फळा आणि खडूने सहज मिळत नाही, म्हणून आकडे ‘सुबक’ येतील अशी स्थिती आधीच निवडून ठेवण्याचा मोह टाळावा.

दुसरी अडचण क लहान कंसावर नेल्यावर येते. केंद्रीय कोन ८० अंश असताना इतका वेळ ४० दाखवणारा कोन अचानक २२० दाखवू लागतो. गुणधर्मांत ० ते १८० अंश ही निवड केली तर १४० दिसतात. ‘नियम मोडला’ असे काही मुले म्हणतील, आणि त्यांना घाईने गप्प करू नये. १४० ची दुप्पट २८०, आणि ३६० मधून ८० वजा केले तरी २८०. म्हणजे हा कोन आता दुसऱ्याच, मोठ्या कंसाला अंतर्खंडित करतो आहे. पुस्तकातील विधानात ‘त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या’ हे शब्द का आहेत, हे मुलांना येथे कळते. एरवी ते शब्द पाठ होतात आणि विसरले जातात. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हेही ४० आणि १४० पाहून अर्धे सांगून झालेलेच असते.

सिद्धतेकडे वळताना क पासून म मधून जाणारा किरण काढून ठेवावा आणि तो एका चेकबॉक्सने दाखवता-लपवता येईल अशी सोय करावी. कम, मअ आणि मब या त्रिज्या असल्याने दोन समद्विभुज त्रिकोण मिळतात, दूरस्थ आंतरकोनांचे प्रमेय लावले की दुपटीचा संबंध बाहेर येतो. क सावकाश ओढला की केंद्र कधी कोनाच्या आत, कधी भुजेवर, कधी बाहेर जाते. सिद्धतेत या तीन शक्यता वेगळ्या का घ्याव्या लागतात, हे त्या ओढण्यातून दिसते. मात्र सिद्धता लिहिण्याचे काम वहीतच व्हावे, आणि त्या वेळी पडदा बंद असावा. चालू पडद्यासमोर मुले लिहीत नाहीत, पाहत बसतात.

बीजगणितासाठी : सरकपट्टी

दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवताना ‘स्लायडर’ म्हणजे सरकपट्टी हे साधन वापरावे. इनपुटच्या चौकटीत एखाद्या अक्षराला किंमत दिली की सरकपट्टी तयार होते. पहिले समीकरण क्ष + य = ४ आणि दुसरे २क्ष + कय = २ असे घ्यावे (टंकताना अर्थातच पुस्तकातील इंग्रजी चिन्हे आणि क साठी कोणतेही इंग्रजी अक्षर; क आणि य यांच्यामध्ये गुणाकाराचे चिन्ह किंवा मोकळी जागा द्यावी, नाहीतर दोन अक्षरे मिळून एकच नाव समजले जाते). क ची किंमत −१ असताना रेषा (२, २) मध्ये छेदतात. क = ० ला छेदनबिंदू (१, ३), क = १ ला (−२, ६). येथे थांबून विचारावे : क ची किंमत २ च्या दिशेने नेली तर बिंदू कोठे जाईल?

क = १.९ ला तो (−५६, ६०) येथे, पडद्याच्या पार बाहेर, दुसऱ्या चरणात असतो. क = २.१ झाले की (६४, −६०), म्हणजे थेट चौथ्या चरणात. आणि बरोबर २ ला तो कोठेच नसतो. दोन्ही रेषा समांतर होतात आणि जिओजेब्रा छेदनबिंदूच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवते. क्रेमरच्या पद्धतीतील निश्चयक येथे क − २ आहे, हे मुलांनी वहीत काढून पडद्याशी ताडून पाहावे. निश्चयक शून्य असेल तर ही पद्धत का चालत नाही, याचे एरवी दिले जाणारे ‘शून्याने भागता येत नाही’ हे उत्तर खरे असले तरी कोरडे आहे. पळून जाणारा छेदनबिंदू पाहिला की त्याला अर्थ येतो. सरकपट्टीची पायरी ०.१ ठेवावी. ती त्याहून मोठी ठेवली तर १.९ आणि २.१ या जागाच येत नाहीत, आणि फार बारीक ठेवली तर बोटाने २ वर थांबता येत नाही.

वर्गसमीकरणाच्या मुळांचे स्वरूप याच रीतीने घेता येते : क्ष² − ५क्ष + क या राशीचा आलेख क = ६ ला अक्षाला दोन ठिकाणी, ६.२५ ला एकाच ठिकाणी भेटतो आणि ७ ला भेटतच नाही. सांख्यिकी आणि अंकगणिती श्रेढी यांसाठी साधी स्प्रेडशीट पुरते. त्यासाठी जिओजेब्राचा आग्रह धरू नये.

संगणक कक्षात

प्रत्यक्ष संगणकांवर मुलांना बसवायचे असेल तर एका संगणकापुढे दोघे बसवावेत आणि त्यांतील एकाकडे माऊस, दुसऱ्याकडे फक्त सांगण्याचे काम द्यावे. दहा मिनिटांनी अदलाबदल करावी. संगणक कमी आणि वर्ग साठ जणांचा असेल तर अर्धा वर्ग कक्षात आणि अर्धा वर्गात सराव करत राहील, अशी सोय सहकारी शिक्षकांशी आधी बोलून करावी लागते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत येण्याजाण्यात आणि संगणक सुरू होण्यात बराच वेळ जातो. त्यामुळे एका तासाला एकच काम द्यावे.

असे एक काम म्हणजे ‘ओढला तरी मोडणार नाही असा चौरस काढा’. बहुतेक जोड्या प्रथम चार बिंदू डोळ्यांनी जुळवून चौरसासारखी आकृती काढतात. त्यांना कोणताही शिरोबिंदू ओढायला सांगावे. चौरस वेडावाकडा होतो. मग लंबरेषेचे साधन आणि समान लांबीसाठी वर्तुळ वापरल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांच्या लक्षात येते, आणि कंपास-पट्टीच्या रचनेत आपण जे करतो तेच येथे करत आहोत, हेही. तरीही ‘भौमितिक रचना’ हे प्रकरण जिओजेब्रावर उरकू नये. परीक्षेत कंपास हातात धरावा लागतो, टोक सरकते, पेन्सिल बोथट होते. तो सराव कागदावरच होतो.

फक्त एक मोबाइल असेल तर

पडदा नाही, कक्ष बंद आहे, असेही वर्ग असतात. तेथे प्लिकर्स हे साधन उपयोगी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक छापील कार्ड दिले जाते. त्यावरील चौरस नक्षीच्या चार बाजूंना चार पर्याय असतात. विद्यार्थी आपले उत्तर वरच्या बाजूस येईल असे कार्ड धरतो, आणि शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कोणी काय उत्तर दिले हे मोबाइलवर उमटते. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते. नोंदणी करताना मुलांच्या नावांऐवजी हजेरी क्रमांक वापरावेत. प्रश्न मात्र विचारपूर्वक करावेत : चुकीचे तीन पर्याय हे मुलांकडून खरोखर होणाऱ्या चुकांचे असले, तरच आलेल्या उत्तरांवरून पुढचे शिकवणे ठरवता येते.

दुसऱ्या दिवशी

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, पडदा न लावता, पाच मिनिटांची लेखी चाचणी घ्यावी. अंतर्लिखित कोनाच्या फाइलीनंतर विचारण्याजोगा प्रश्न असा : ‘कोन अमब १३० अंश आहे आणि क हा बिंदू लहान कंसावर आहे, तर कोन अकब किती? आकृती काढा.’ उत्तर ११५ अंश आहे. जे ६५ लिहितील त्यांना दुप्पट-निम्मे एवढेच लक्षात राहिले आहे; कोणता कंस, हे राहिलेले नाही. या मुलांना मधल्या सुट्टीत तीच फाइल उघडून द्यावी, क लहान कंसावर त्यांनाच न्यायला लावावा, आणि अंतर्खंडित होणारा कंस पडद्यावर मार्करने जाड करून घ्यावा. फाइल जपून ठेवताना नावात इयत्ता, प्रकरण आणि प्रमेय यांचा उल्लेख असावा, आणि सोबत एका कागदावर विचारलेला प्रश्न व आलेले चुकीचे अंदाज टिपलेले असावेत. शेजारच्या तुकडीला शिकवणारे सहकारी फाइल मागतील तेव्हा हा कागदही त्यांच्या हाती द्यावा.